तळ्याचे पुण्य

कंधारला गेलेला माणूस किल्ला पाहतो, खंदकातले पाणी पाहतो आणि क्षेत्रपालाच्या भग्न मूर्तीच्या अवशेषांपाशी थबकतो. दगडात घडवलेले नुसते पाऊलच इतके प्रचंड, की उरलेला देव डोळ्यांपुढे उभा करणे अवघड जाते. राष्ट्रकूटांच्या या नगरीचे वैभव त्या शिल्पात आहेच. पण तिसऱ्या कृष्णाच्या काळचा, दहाव्या शतकातला इथला शिलालेख मंदिरांबरोबर जगत्तुंग समुद्र या तळ्याचेही नाव घेतो, आणि धर्मकृत्य म्हणून मला ते तळेच थोर वाटते. शास्त्रकारांनी यज्ञयागाला ‘इष्ट’ म्हटले आणि विहीर, तळे, देऊळ, अन्नदान यांना ‘पूर्त’. इष्टाचा अधिकार द्विजांपुरता राहिला. पूर्ताचा शूद्रांनाही मिळाला. बिलोलीपासून लातूरपर्यंत पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या मुलखात तर पूर्ताची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, जगत्तुंग हे तिसऱ्या गोविंदाचे बिरुद. तळ्याला राजघराण्यातले बिरुद देणे ही कीर्तीची हाव झाली. ते मला मान्य आहे. पण पाणी पुरवणे हाच धर्म असेल तर पाटबंधारे खातेही धर्मपीठ ठरेल, हा दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. त्याचे उत्तर तडागोत्सर्गाच्या विधीत सापडते. तळे बांधून झाले की यजमान त्याचे पाणी सर्व प्राणिमात्रांसाठी सोडतो. तिथे त्याची मालकी संपते. पुढे वाटसरू, शेळी, पाखरू यांच्याइतकाच त्याचा हक्क. पुण्य आहे ते या सोडण्यात.

सगळ्यात जड आक्षेप महाडचा. तहानेल्या माणसांना शतकानुशतके तळ्यावरून हाकलले गेले, मग हा धर्म कुठे होता? २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले. विरोधकांनी पंचगव्याने तळ्याची शुद्धी केली, आणि पुढे कोर्टात तळे खाजगी असल्याचा दावा मांडला. १९३७ साली मुंबई हायकोर्टाने त्यांचे अपील फेटाळले. उत्सर्गाच्या कसोटीवर पाहिले तर धर्म मोडला तो मालकी सांगणाऱ्यांनी. पाणी पिणाऱ्यांनी तो पाळला. अस्पृश्यतेचे नियमही त्याच शास्त्रग्रंथांत आहेत, हे खरे. म्हणून ग्रंथ सरसकट शिरोधार्य मानता येत नाही. उत्सर्ग आणि विटाळ यांतले एक निवडावेच लागते, आणि सर्व प्राणिमात्रांसाठी म्हणून सोडलेल्या पाण्यावर विटाळाला जागाच उरत नाही.