करंटवाली गिटार

संगीतातले मला फारसे कळत नाही. हे वाक्य मी इतक्या नम्रपणे म्हणतो की ऐकणाऱ्याला वाटावे, ह्याला पुष्कळच कळत असणार! मैफलीत तिसऱ्या रांगेत बसावे, समेवर मान हलवावी (सम कुठे आली ते पहिल्या रांगेतल्या मानांवरून समजते), आणि मध्यंतरात वडा खाता खाता "आज तयारी जबरदस्त आहे हो, पण..." एवढे बोलून थांबावे. त्या 'पण'च्या पुढे काय, हे आजवर मला कुणीही विचारलेले नाही. त्या एका 'पण'वर माझी रसिकता इतकी वर्षे बिनबोभाट चालली होती.

पुतण्याने गिटार आणली आणि घोटाळा झाला.

गिटारीबरोबर एक ट्रंकेएवढे खोके आले. "हा ॲम्प, काका," असे म्हणून त्याने पहिला सूर छेडला, तेव्हा स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या ताटल्यांनी एकमुखाने त्याला ओ दिली. मी म्हटले, "अरे, वाजवायचीच तर खरी गिटार वाजव! करंट लावून काय, कोणीही वाजवील."

खरी गिटार म्हणजे काय ते मला ठाऊक होते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका स्नेह्यांच्या घरी जॉन विल्यम्स यांची एक रेकॉर्ड ऐकली होती. स्पेनच्या ग्रानादा शहरात आलांब्रा नावाचा जुना मुसलमानी राजवाडा आहे, कारंज्यांचा. त्याच्या आठवणीवर फ्रान्सिस्को तार्रेगा ह्या स्पॅनिश गिटारवादकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक चीज बांधली. ती लागली होती. एकजण खाली सावकाश चालतो आहे आणि दुसरा वर पाण्याचे तुषार उडवतो आहे असे वाटत होते. माझे डोळे आपोआप मिटले. हे मुद्दाम सांगतो, कारण एरवी ते मी मिटतो.

एवढ्यात यजमान म्हणाले, "दोघं नाहीत बरं का. एकच माणूस वाजवतोय!"

"काय सांगता!" मी डोळे उघडले. अंगठा खालच्या तारांवर चालतो आणि अनामिका, मधले बोट, तर्जनी अशी तीन बोटे वरच्या एकाच तारेवर एकामागून एक इतक्या जलद पडतात की सूर अखंड वाटतो, असे त्यांनी समजावले. त्यानंतर मी ही हकिगत निदान शंभर जणांना सांगितली असेल. दर वेळी 'एकच माणूस हं!' ह्या ठिकाणी थांबून समोरच्याचा चेहरा बघायचा. चाल मात्र मला आज गुणगुणता येत नाही.

पुतण्यालाही मी हीच हकिगत ऐकवली. तो म्हणाला, "समजा काका, खरंच दोघं वाजवत असते तर? आवाज अगदी हाच. मग तुम्हाला कमी आवडलं असतं?"

खरे उत्तर 'हो' असे होते, म्हणून मी "चहा टाकलाय का रे कुणी?" असे विचारले.

पण प्रश्न काही गेला नाही. सूर तेच, कान तेच. मग दाद दुप्पट का झाली? संक्रांतीचा काटेरी हलवा घ्या. मंद आचेवर परात, बोटांनी घातलेला थेंबथेंब पाक, आणि मग एकेका दाण्याला फुटणारे काटे. हे सारे ऐकले की तोंडातला दाणा आपण आदराने चघळतो. चवीला शेवटी साखरच. कष्टांचा आदर करणे वाईट असे मी म्हणणार नाही. उलट तो न करणारा माणूस जरा कोरडाच. पण आदर वाटला म्हणजे गोडी कळली, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. आणि तार्रेगाने घासघासून तयार केलेल्या बोटांची छडी करून ती ह्या पोराच्या हातावर मारत होतो. मी घरात असलो की तो खोलीचे दार लावून घेई, हे मला उशिरा लक्षात आले.

म्हणून मीच एकदा दार वाजवले. त्याने मला मोबाईलवर जिमी हेंड्रिक्स दाखवला. अमेरिकेत वुडस्टॉकला, ऑगस्ट १९६९. व्हिएतनामचे युद्ध चालू आहे आणि हा झालरीच्या शर्टातला माणूस आपल्या देशाचे राष्ट्रगीत वाजवतो आहे. ओळी सरळ निघाल्या, आणि मध्येच सूर किंचाळला; विमाने आली, बाँब पडले. मी उठणार, तेवढ्यात त्याने तार बोटाने आडवी ओढली आणि सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न तुटता घसरत गेला.

"वा!" मी म्हटले. मींड होती हो ती! जन्मभर सतारीवर ऐकली ती. विल्यम्ससाहेबांचे सूर पडद्यापडद्याने पायऱ्या उतरावेत तसे नीटस उतरत होते. हा मात्र कठड्यावरून घसरला. आणि हे 'वा' अवघड काय, सोपे काय, ते कळण्याआधी निघाले होते. ते निघाले कुठून कोण जाणे, कारण तिथे मान हलवायला पहिली रांग नव्हती.

"हा डावखुरा होता, काका. उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचा."

"काय सांगतोस! उलटी?" मी म्हटले आणि जीभ चावली. तीन मिनिटांत पुन्हा तिथेच. अर्थात ही खोड एकट्या काकांची नाही. पुतण्याचे मित्र येतात ते एडी व्हॅन हेलनचा १९७८ सालचा पावणेदोन मिनिटांचा तुकडा लावतात. त्यात दोन्ही हातांची बोटे गिटारीच्या मानेवर नाचतात. "काय स्पीड आहे!" म्हणून ते एकमेकांचे चेहरे बघतात. मला अगदी घरच्यासारखे वाटते.

मग त्याने गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "एक सूर धरून दाखवा."

आधी करंट नव्हता. सूर निघाला आणि विझला. गळ्याला श्वास आहे, व्हायोलिनला गज आहे. गिटारीचा सूर जन्मल्या क्षणापासून मरायला लागतो. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की तार्रेगाची ती तीन बोटे कसरत करायला धावत नव्हती. सूर मरायच्या आत त्याला पुन्हा जन्माला घालत होती! आणि हेंड्रिक्स खोक्याकडे तोंड करून उभा राहायचा तो त्याचसाठी: खोक्यातला आवाज तारेला पुन्हा हलवतो, तार खोक्याला, आणि सूर राहतो. दुखणे एकच, वैद्य दोन.

"आता लावू करंट?"

लावला. मी एक तार छेडली आणि सहाही बोलल्या. गोठ्यात वाघ शिरावा तसा कल्लोळ. हात ठेवला तर दुसरीकडून निघाला, काढला तर दुप्पट झाला. ताटल्या होत्याच साथीला.

"वाजवणं सोपं असतं काका," पुतण्या बटण बंद करत म्हणाला, "बाकीच्या पाच गप्प ठेवणं अवघड." 'कोणीही वाजवील' ह्या माझ्या जुन्या विधानाची त्याने आठवणसुद्धा काढली नाही. मोठ्या मनाचा मुलगा आहे.

हल्ली त्याने नायलॉनच्या तारांची एक जुनी गिटार मिळवली आहे आणि तीच आलांब्राची चीज बसवतो आहे. तीन बोटांपैकी अनामिका लंगडते. कारंजे अजून फार दूर आहे. सध्या नळाला सकाळी सहाला पाणी यायच्या आधी होते तसे काहीतरी होते. काल दार उघडे होते. वाजवून झाल्यावर त्याने विचारले, "कसं झालं?"

"तयारी अजून नाही," मी म्हटले, "पण..."

"पण काय?"

मी जरा वेळ बसलो. मधे एका ठिकाणी चाल अचानक उजळली होती, ढगातून ऊन पडावे तशी. तिथे त्याची बोटे अडखळली होती, तरी उजळलीच होती.

"ती मधली जागा," मी म्हटले, "ती परत वाजव बघू."