ब्रेक दाबल्यावर

शास्त्रभाग : गलतीकरांस पत्र 2:11-14



आमच्याकडे एक जुनी मारुती 800 आहे. चिक्कडपल्लीत राहणाऱ्याला मोटारीची तशी गरज नाही. फेब्रुवारी 2020 पासून मेट्रो इथूनच जाते. पण आजाऱ्यांच्या भेटीला आणि लांबच्या प्रार्थनासभांना गाडी कामी येते. गेल्या पावसाळ्यानंतर तिला एक खोड लागली. एरवी ती सरळ चाले. परंतु नारायणगुड्याहून घरी येताना ब्रेक दाबला की ती उजवीकडे, म्हणजे नेमकी मेट्रोच्या खांबांकडे ओढ घेई.

महिनाभर आम्ही स्टिअरिंग डावीकडे आवळून धरून गाडी चालवली. असे करू नये, हे आता सांगतो. हाताला सवय झाली आणि दोष आहे हेच आम्ही विसरलो. एके दिवशी मेव्हण्यांनी गाडी चालवायला घेतली आणि पहिल्याच सिग्नलला ते ओरडले, तेव्हा आम्हांला आठवण झाली.

मग तपास सुरू झाला. पहिल्याने हवा पाहिली. ज्या बाजूच्या चाकात हवा कमी, त्या बाजूस गाडी ओढते. हवा ठीक होती. रस्त्याचा दोष म्हणावा, तर पाणी वाहून जावे म्हणून आपले रस्ते मधोमध उंच नि कडेला उतरते असतात. त्याने गाडी डावीकडे सरकेल, उजवीकडे नव्हे. पुढची दोन चाके आपसांत बदलून पाहिली. टायरचा दोष असता तर ओढ बाजू बदलती. ती बदलली नाही. मग चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. यंत्राने सगळी मापे बरोबर दाखवली. पैसे देऊन बाहेर पडलो, ब्रेक दाबला, गाडी पुन्हा उजवीकडे.

शेवटी गल्लीतल्या एका उस्तादांकडे गेलो. त्यांनी आधी एकच प्रश्न विचारला : ‘‘हमेशा खींचती, या ब्रेक मारे तो?’’ आम्ही म्हणालो, ब्रेक मारल्यावरच. त्यांनी एक फेरी मारली, उतरले आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात नेला. उजवे चाक तापले होते, डावे थंडगार. आम्ही म्हणालो, म्हणजे उजवा ब्रेक बिघडला. ते हसले. ‘‘नै साब, सीधे हाथ का अच्छा है. बाएं हाथ का पकडताइच नै.’’

डाव्या ब्रेकचा पिस्टन गंजून अडकला होता. दोन्ही चाके सारखी धरली गेली तर गाडी सरळ थांबते. एक धरले नि दुसरे मोकळे धावत राहिले, तर तोंड धरलेल्या बाजूकडे वळते. ओढ उजवीकडे, दोष डावीकडे! अलाइनमेंटच्या यंत्रावर हे कधीच दिसले नसते, कारण तिथे गाडी उभी असते.

प्रियजनहो, अंत्युखियात पेत्राचे असेच झाले. कर्नेल्याच्या घरी जाऊन आलेला, परराष्ट्रीयांबरोबर जेवल्याबद्दल यरुशलेमात जाब द्यावा लागला तेव्हा न डगमगता उत्तर देणारा हा पेत्र (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 10 व 11). त्याची मते तपासली असती तर सगळी मापे बरोबर निघाली असती. अंत्युखियातही तो परराष्ट्रीयांच्या पंक्तीला बसत होता. मग याकोबाकडून काही माणसे आली. ब्रेक दाबला गेला आणि पेत्र हळूहळू पंगतीतून दूर झाला. त्याच्यामागे बर्णबाही ओढला गेला. येथे पौलाने वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात फक्त याच ठिकाणी येतो; त्याचा मूळ अर्थ सरळ पावलांनी चालणे. ही माणसे सरळ चालत नाहीत, हे त्याने पाहिले.

या भागावर बोलताना आपण उपदेशक बहुधा याकोबाकडून आलेल्यांना दोष देतो. आम्हीही अनेकदा दिला आहे. परंतु वडीलधाऱ्यांचा मान राखणे हे काही पाप नव्हे. पेत्राचा तो ब्रेक चांगलाच होता. ज्यांच्या ताटाशेजारी तो काल बसला होता, त्यांच्या बाजूचा ब्रेक मात्र धरत नव्हता. पौल पाहुण्यांशी भांडला नाही. तो सर्वांदेखत पेत्राशी बोलला.

आता आमचे सांगतो. आमच्या घरी दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थना असते. इमारतीचे वॉचमन भाऊ देगलूरकडचे; ते आणि ताई दोघे मुलांना घेऊन येतात. ताईंचा गळा गोड आहे. मागे पुतणीच्या लग्नाच्या बोलणीसाठी पुण्याहून पाहुणे आले, नेमके बुधवारी. आम्ही ताईंना जिन्यात गाठून म्हणालो, ‘‘या बुधवारी प्रार्थना नाही.’’ आणि पाहुण्यांबरोबर प्रार्थना केली, गीते म्हटली, जेवणे झाली. पंगतीत आमच्या धाकट्या मुलीने मोठ्याने विचारले, ‘‘पप्पा, आज ताई का नाही आल्या?’’ आम्ही तिला भात वाढला.

पुढच्या बुधवारी ताई आल्या. काही बोलल्या नाहीत. दाराशी बसल्या.

पाहुण्यांचा आदर करणे चुकले नव्हते. ताईंच्या बाजूला आमचे प्रेम गंजले होते आणि रोजच्या सरळ चालण्यात ते दिसत नव्हते. काही जण सांगतील, पाहुण्यांची एवढी पर्वा कशाला करायची? पण उस्तादांनी उजवा ब्रेक सैल केला नाही. केला असता तर गाडी सरळ गेली असती खरी, पण थांबली नसती. त्यांनी डावा उघडला, गंज काढला, पिस्टन बदलला, नवे पॅड घातले. काम तासाभराचे, उघडायला मात्र चाक काढावे लागले.

आम्ही खाली त्यांच्या खोलीत गेलो आणि खोटे बोललो होतो हे सांगितले. भाऊ खाली मान घालून बसले. ताई म्हणाल्या, ‘‘दादा, गाणी खाली ऐकू येत होती. आम्ही इथंच बसून तुमच्याबरोबर म्हटली.’’ आम्हांला पुढे बोलता आले नाही.

लग्नाची बोलणी जमली आहे. पुण्याची मंडळी पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत, आणि तो दिवसही बुधवारच आहे. ताईंना वर येण्याचे सांगून ठेवले आहे. जेवणही सर्वांचे एकत्र आहे. त्या संध्याकाळसाठी वाचकांनी आमची प्रार्थनेत आठवण करावी.