वसंतातली शुद्धी : एका कारकुनाचा हिशेब

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

छत्तीस वर्षं बँकेत कारकुनी केली. त्या छत्तीस वर्षांत मी वसंत ऋतू पाहिलाच नाही म्हटलं तरी चालेल. तिकडे कर्नाळ्याच्या बाजूला काटेसावर फुलायची, जुन्या पनवेलच्या परसांतून मोहोराचा वास यायचा, आणि आम्ही ३१ मार्चच्या क्लोजिंगला रात्री उशिरापर्यंत डोकी धरून बसलेलो. ज्या रकमेचं घर सापडत नाही ती तात्पुरती 'सस्पेन्स' खात्यात टाकायची, ही बँकेतली पद्धत. तात्पुरती हा शब्द महत्त्वाचा. वर्षअखेरीला ते खातं साफ झालंच पाहिजे, नाहीतर ऑडिटर पहिलं बोट तिथेच ठेवतो.

निवृत्तीनंतर रोज सकाळी वडाळे तलावाला फेऱ्या मारतो. आम्हा म्हाताऱ्यांचा तिथे एक गट आहे. मागच्या फाल्गुनात गटात एकच विषय चालला होता, पंचकर्म. एका केंद्राचं रंगीत पत्रक हातोहात फिरत होतं. सात दिवसांत शरीर आतून स्वच्छ, वर्षभराची घाण बाहेर, ज्येष्ठ नागरिकांना सवलत. मलाही सकाळी उठल्यावर छाती भरल्यासारखी वाटायची, जेवणावर वासना नव्हती. पैसे भरायच्या आधी आमच्या नेहमीच्या वैद्यांना एकदा विचारून घ्यावं, म्हणून गेलो.

वैद्यांनी पत्रक वाचलं, घडी करून परत दिलं आणि म्हणाले, "काका, वसंतात वमन हे शास्त्राला धरूनच आहे. पण ते तुम्हाला नाही."

त्यांनी जे समजावलं ते थोडक्यात असं. थंडीत भूक चांगली असते, आपण जड, गोड, तुपकट खातो. शिशिरात शरीरात कफ साठतो, पण थंडीने तो थिजलेला असतो म्हणून त्रास देत नाही. ऊन तापलं की तो पातळ होऊन सुटतो आणि जठराग्नी मंद करतो. म्हणून वाग्भटांनी वसंतात कफ बाहेर काढायला सांगितलं. चैत्रात वमन, श्रावणात वातासाठी बस्ती, शरदात पित्तासाठी विरेचन, अशी वर्षाची वाटणी आहे. मात्र वमन म्हणजे नुसती ओकारी नव्हे. आधी काही दिवस वाढत्या मात्रेत औषधी तूप प्यायचं, अंगाला तेल लावून शेक घ्यायचा, मग एक सकाळ वमनाची. त्यानंतर पुन्हा पेज, मग दाट पेज, मग कढण, असं पायरीपायरीने जेवणावर यायचं. त्याला संसर्जन क्रम म्हणतात. शुद्धी जितकी मोठी तितके पथ्याचे दिवस जास्त, सातपर्यंत. आणि बालक, वृद्ध, दुर्बल यांना वमन देऊ नये असं चरकातच आहे.

"मग माझं काय?" मी विचारलं. थोडा रागच आला होता. सवलत ज्येष्ठांना आणि उपचार मात्र नाही!

"तुमचं सोपं आहे. दही बंद. गोड आणि तळलेलं बंद. जुने तांदूळ भाजून घ्या, ज्वारी खा, मध घ्या, पण गरम करू नका. अंगाला कोरडं उटणं चोळा. आणि दुपारची झोप सोडा."

दुपारची झोप सोडा म्हटल्यावर मला केंद्राचं पत्रक एकदम बरं वाटायला लागलं. माणसाचं असंच असतं. एक सकाळ कितीही त्रासाची असो, ती पैसे देऊन उरकता येते. रोजचं एक वाटी दही सुटत नाही. चैत्र पाडव्याला कडुलिंबाचा पाला, ओवा, गूळ, चिंच, हिंग वाटून केलेली गोळी आपण तोंड वाकडं करून गिळतो आणि त्यावर लगेच दोन वाट्या श्रीखंड. पूर्वजांनी ऋतू ओळखला होता. श्रीखंड बहुधा आमची पुरवणी.

वैद्यांना उत्तर द्यावं म्हणून मी वाचनालयातून चरकसंहितेचं मराठी भाषांतर आणलं. वृद्ध कोणाला म्हणायचं ते शोधायला गेलो आणि सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अडकलो. तिथे न अडवण्याचे तेरा वेग दिले आहेत. मल, मूत्र, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, झोप, अगदी डोळ्यांतलं पाणीसुद्धा. ते अडवले की रोग होतो. पण लगेच पुढे दुसरी यादी आहे, अडवायलाच हवेत अशा वेगांची. लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, मत्सर, आणि एक शब्द अभिध्या. त्याचा अर्थ पाहिला, तर दुसऱ्याच्या धनाची इच्छा.

पुस्तक मिटलं. उकडत होतं म्हणून असेल, पण घाम फुटला.

आता जे लिहितो ते बहिणीला विचारूनच लिहितो आहे. आम्ही दोनच भावंडं. आई आधी गेली, वडील पंधरा वर्षांपूर्वी. वडिलांची दोन लाख दहा हजारांची ठेव माझ्याच शाखेत होती आणि तिला नॉमिनी मी होतो. बँकांत नॉमिनेशनचे नियम १९८५ साली आले. तेव्हापासून काउंटरवर किती जणांना मी सांगितलं असेल, "नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हो. नॉमिनी विश्वस्त. पैसे वारसांचे." मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या कायद्याने मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, हेही मला पाठ होतं. म्हणजे बहिणीचे एक लाख पाच हजार. ते मी दिले नाहीत.

नाकारलेही नाहीत, हीच तर गंमत. पुढच्या वर्षी देऊ म्हटलं. मग स्लॅबची दुरुस्ती निघाली. मग मुलाचं शिक्षण. मनात वकील बसलेलाच असतो, तो म्हणायचा की औषधपाणी तू केलंस, तिच्या लग्नात सोनं घातलं होतं, तिचं पेणला उत्तम चाललंय. तिने कधी विचारलं नाही. दर भाऊबीजेला ती यायची, ओवाळायची आणि मी तबकात पाचशे एक रुपये घालायचो. सौ. एकदा म्हणाली होती, "अहो, वन्संचं ते राहिलंय ना?" मी विषय बदलला. बँकेतलं सस्पेन्स खातं मी दर ३१ मार्चला साफ केलं. हे एक पंधरा वर्षं ओढत नेलं.

चरक याला प्रज्ञापराध म्हणतात. बुद्धी, धैर्य आणि स्मृती ढळली की माणूस जे करतो ते. रोगांच्या मुळाशी त्यांनी हे ठेवलं आहे, आणि मला ते पटतं, कारण चूक आणि प्रज्ञापराध यांतला फरक काउंटरमागे बसलेल्या माणसाला बरोबर कळतो. आकडा चुकीचा लिहिला ती चूक. नियम माहीत असताना शिक्का मारला तो प्रज्ञापराध.

त्याच सुमारास तलावावर आमच्या गटातल्या निवृत्त संस्कृत शिक्षकांनी एक गोष्ट सांगितली. पनवेलचं नाव आयुर्वेदात झालं ते वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली इथे सुरू केलेल्या श्री धूतपापेश्वर औषधी कारखान्यामुळे. राजापूरजवळ धोपेश्वरला याच नावाचं शिवस्थान आहे. मी आजवर धूतपाप म्हणजे पाप धुतलेला असंच समजत होतो. सर म्हणाले, "धुतलेला म्हणजे धौत. धूत हा वेगळ्या धातूचा शब्द. त्याचा अर्थ हलवून, झटकून टाकलेला. आपल्या अवधूतातला धूत तोच."

दत्तभक्त असून हे मला ठाऊक नव्हतं. धुवायला दुसरा चालतो. लहानपणी आई धुते, म्हातारपणी मुलं धुतात, पंचकर्माच्या केंद्रात भांडं धरायला आणि ते उचलून न्यायला कोणी गरीब बाई किंवा पोरगा ठेवलेला असतो, त्याचा आपण विचारही करत नाही. झटकायचं म्हटलं की मूठ आपली आपणच उघडावी लागते. तोवर मी उपास करत होतो, गुरुवार पाळत होतो, पारायणं केली होती. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात, त्यात मासा आहे. तो जिभेच्या लोभाने गळाला लागतो. तिथे असंही म्हटलं आहे की उपवासाने बाकीची इंद्रियं आवरतात, पण जीभ उलट जोर धरते. हे मी कितीदा तरी वाचलं होतं आणि दर वेळी साबुदाण्याच्या खिचडीपुरताच त्याचा अर्थ लावला होता.

मग प्रश्न असा पडला, आणि तो आपल्यापुढे ठेवतो. शरीर हलकं करावं हे खरंच. पथ्याने मला तीन आठवड्यांत फरक पडला, छाती मोकळी झाली, भूक लागायला लागली. पण दुसऱ्याचं देणं घरात ठेवून मी शुद्ध झालो म्हणायचं का? वैद्य म्हणतील, कफ गेला, आमचं काम झालं. त्यांचं बरोबर आहे. त्यांचं खातं वेगळं. पण मी एकच माणूस आहे, मला दोन वह्या कशा ठेवता येतील?

वैशाखात एसटीने पेणला गेलो. आधी हिशेब मांडला होता. मुद्दल एक लाख पाच हजार, सात टक्क्यांनी तिमाही चक्रवाढ, पंधरा वर्षं, म्हणजे तीन लाखांना थोडे कमी. बहिणीच्या पुढ्यात कागद ठेवला आणि दोन चेक. मेहुणे उठून आत गेले. मोठा समंजस माणूस.

तिने कागद वाचला. म्हणाली, "दादा, बाबांनी मला दवाखान्यातच सांगितलं होतं. अर्धी ठेव तुझी आहे, दादा देईल, मागू नकोस."

म्हणजे ती पंधरा वर्षं वडिलांचा शब्द पाळत होती. अडवू नयेत अशा वेगांच्या यादीत डोळ्यांतलं पाणी का घातलंय ते मला पेणच्या त्या खोलीत कळलं. दोघांनाही कळलं असावं, कारण बराच वेळ कोणी बोललं नाही.

मुद्दलाचा चेक तिने घेतला. व्याजाचा परत केला. "भाऊबीजेला घालत होतास ना, तेच व्याज समज." पाचशे एकच्या हिशेबाने पंधरा वर्षांचे सात हजार पाचशे पंधरा होतात. आकडा जुळत नव्हता, पण जन्मात पहिल्यांदा मी तो जुळवायला बसलो नाही.

व्याजाची रक्कम आजही वेगळ्या खात्यात आहे. सौ. म्हणते, दत्तजयंतीच्या अन्नदानाला देऊन टाका. द्यायला माझी हरकत नाही. पण पावती कोणाच्या नावाने फाडायची, यावर आमचं घोडं अडलं आहे. माझ्या नावाने नाही, एवढं नक्की. बहिणीला विचारलं तर ती हसते आणि म्हणते, बाबांच्या नावाने फाड. मला तेही पटत नाही, कारण बाबांनी तिला दिलेला शब्द मी वेळेवर खरा केला नव्हता. यंदाच्या उत्सवात मंदिराच्या कचेरीत मी पावतीपुस्तकासमोर उभा दिसलो, तर समजा की अजून ठरलेलं नाही.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥