वीजकंपनीचा मालक कोण?

वीजकंपनीचा मालक कोण, हा प्रश्न वरकरणी हिशेबाचा आहे आणि अमेरिकेत त्याचे उत्तर दर तिमाहीला मिळते. १९३४ च्या रोखे व्यवहार कायद्यात १९७५ साली एक कलम घालण्यात आले. त्यानुसार दहा कोटी डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीचे शेअर सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थात्मक व्यवस्थापकाला तिमाही संपल्यावर ४५ दिवसांच्या आत आपल्या हाती असलेल्या शेअरची यादी रोखे आयोगाला सादर करावी लागते. हाच ‘थर्टीन-एफ’ अहवाल. पाच टक्क्यांहून अधिक शेअर घेणाऱ्याला वेगळी घोषणा करावी लागते. कंपनीच्या कारभारावर प्रभाव पाडण्याचा हेतू असेल तर ‘थर्टीन-डी’, नसेल तर ‘थर्टीन-जी’. म्हणजे किती शेअर घेतले याबरोबर कशासाठी घेतले, हेही कायदा विचारतो. भारतात नोंदणीकृत कंपन्या दर तिमाहीला शेअरहोल्डिंग पॅटर्न जाहीर करतात. प्रवर्तक, म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी पोर्टफोलिओ गुंतवणूकदार आणि किरकोळ भागधारक यांचा वाटा त्यात दिसतो. कोणता मोठा फंड आत आला, कोणता हेज फंड बाहेर पडला, हे बाजार याच कागदांवरून ओळखतो.

या याद्यांच्या बुडाशी मात्र तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न आहे. मालकी हे माणूस आणि वस्तू यांच्यातले कोणत्या प्रकारचे नाते? ते निसर्गात असते, लोकव्यवहारात असते, की केवळ शास्त्राने निर्माण केलेले असते? आणि त्या वस्तूमुळे कोणाचा जीव गेला, तर त्या नात्यातून काही उत्तरदायित्व येते का?

यावर भारतीय परंपरेतला सर्वांत तीक्ष्ण वाद ‘मिताक्षरे’च्या दायविभागात आहे. कल्याणीच्या चालुक्य राजसभेत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ही टीका लिहिली. पुढे शतकानुशतके महाराष्ट्रातले हिंदू कुटुंबांचे वाटपाचे वाद प्रामुख्याने तिच्याच आधारे चालले. स्वत्व, म्हणजे मालकी, केवळ शास्त्रानेच कळते, असे धारेश्वर या आधीच्या धर्मशास्त्रकाराचे मत विज्ञानेश्वर पूर्वपक्ष म्हणून मांडतो आणि ते खोडून काढतो. शास्त्राचा गंधही नसलेले सीमाप्रांतातले लोक खरेदी-विक्री करतात, हे माझे ते तुझे असे बोलतात. तेव्हा स्वत्व हे लौकिक आहे, असा त्याचा निष्कर्ष. शेत, गाय, भांडे यांच्याबाबत हा युक्तिवाद आजही भक्कम आहे. शेअरच्या बाबतीत मात्र धारेश्वराचे पारडे जड होते. शेअर कोणी पाहिलेला नाही. कंपनी कायदा आणि नोंदवही बाजूला काढली तर शेअर उरतच नाही. ज्याला तो कायदा ठाऊक नाही त्याला शेअरची मालकी म्हणजे काय, हे दाखवायला बोट ठेवण्याजोगी वस्तूच नाही. म्हणून शेअरच्या मालकीची तपासणी लोकव्यवहाराकडे पाहून पुरी होत नाही. कायद्याने तिला नेमका कोणता आकार दिला आहे, हे पाहावे लागते.

तो आकार मर्यादित आहे. १८९६ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सॉलोमन खटल्यात कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी व्यक्ती ठरवली. भारतात हाच मुद्दा १९५४ मध्ये बाचा गझदर विरुद्ध मुंबईचे प्राप्तिकर आयुक्त या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. चहाच्या कंपन्यांच्या लाभांशाचा मोठा भाग हा शेतीचेच उत्पन्न आहे, म्हणून त्यावर कर नको, असे भागधारकाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. मळा कंपनीचा आहे. भागधारकाचा मळ्यावर कोणताही हक्क नाही, त्याला केवळ जाहीर झालेल्या नफ्यात वाटा मिळतो. वाटपापूर्वीच्या एकत्र मालकीबद्दल मिताक्षरा आणि बंगालचा जीमूतवाहन यांच्यात मतभेद होता. एकाच्या मते प्रत्येकाचे स्वाम्य सगळ्या संपत्तीवर, दुसऱ्याच्या मते तिच्या एका भागावर. भागधारक या दोन्हींत बसत नाही. त्याचे स्वाम्य समुदायावरही नाही आणि भागावरही नाही.

त्यातही यादीत ज्याचे नाव असते तो हा भागधारक असतोच असे नाही. अमेरिकेतल्या बहुतेक सूचिबद्ध शेअरचा नोंदणीकृत धारक ‘सीड अँड कंपनी’ आहे. डिपॉझिटरी ट्रस्ट कंपनीने नोंदणीच्या सोयीसाठी धारण केलेले हे नाव आहे. त्याच्याखाली दलाल आणि कस्टोडियन बँका, त्यांच्याखाली व्यवस्थापक, त्याखाली फंड आणि सर्वांत तळाशी निवृत्तिवेतनाची वाट पाहणारा शिक्षक किंवा परिचारिका. भारतातही १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने हीच रचना केली. डीमॅट खाते असलेला मुंबई-पुण्यातला प्रत्येक गुंतवणूकदार कायद्याच्या भाषेत हिताधिकारी मालक असतो. नोंदणीकृत मालक डिपॉझिटरी असते. थर्टीन-एफ अहवालात दिसतो तो मधल्या पायरीवरचा व्यवस्थापक. लाभ दुसऱ्याचा आणि नोंदणी तिसऱ्याची असली तरी खरेदी-विक्रीचा, आणि बहुधा मतदानाचाही, निर्णय त्याच्या हाती असतो. ऑनोरे या कायदेपंडिताने १९६१ च्या निबंधात मालकीचे अकरा घटक सांगितले. ताबा, वापर, व्यवस्थापन, उत्पन्न ही त्यातली ओळखीची नावे; पण इतरांना अपाय होईल असा वापर न करण्याचे बंधनही त्याने त्याच यादीत धरले. संस्थात्मक मालकीत उत्पन्न, व्यवस्थापन आणि विक्रीचा अधिकार वेगवेगळ्या पायऱ्यांवर वाटला जातो. अपाय न करण्याचे बंधन कोणत्या पायरीवर थांबते, हे त्या वाटणीत कोणीही ठरवलेले नसते. सगळी अडचण इथून सुरू होते.

कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या इतिहासात ही अडचण उघडी पडली. राज्याच्या उत्तर आणि मध्य भागातल्या सुमारे एक कोटी साठ लाख लोकांना ही कंपनी सेवा देते. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी तिच्या जवळपास शंभर वर्षे जुन्या पारेषण वाहिनीच्या मनोऱ्यावरचा झिजलेला लोखंडी हूक तुटला. ठिणग्यांतून वणवा पेटला आणि पॅराडाइज हे गाव जळाले. ८५ माणसे मेली, १८ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार वीजकंपनीच्या उपकरणांमुळे आग लागली, तर निष्काळजीपणा सिद्ध झाला नसला तरी तिला भरपाई द्यावी लागू शकते. २०१७ आणि २०१८ च्या आगींचे दायित्व तीस अब्ज डॉलरच्या पुढे जाईल, असा अंदाज देत कंपनीने २९ जानेवारी २०१९ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१७ च्या सप्टेंबरात सत्तर डॉलरच्या आसपास असलेला शेअर दहा डॉलरच्या खाली आला.

भाव कोसळला तेव्हा हेज फंड पुढे आले. नाइटहेड आणि अब्राम्स कॅपिटल भागधारकांच्या बाजूचे अग्रणी झाले. एलियट मॅनेजमेंट रोखेधारकांच्या गटात होती आणि त्या गटाने कंपनीसाठी स्वतःची पर्यायी योजना मांडली. बाउपोस्ट या फंडाने विमा कंपन्यांचे दावे सवलतीत विकत घेतले. घरे जळालेल्या ग्राहकांना विमा कंपन्यांनी पैसे दिले होते आणि ते वीजकंपनीकडून वसूल करण्याचा हक्क त्यांच्याकडे होता. तोच हक्क फंडाकडे गेला. विमा दाव्यांची तडजोड अखेर ११ अब्ज डॉलरवर झाली. यातले शेअर थर्टीन-एफमध्ये दिसत होते. दावे दिसत नव्हते, साधे रोखेही नाहीत. शॉर्ट विक्रीही त्या अहवालात येत नाही. स्वॅप करारातून घेतलेला हिस्सा करार करून देणाऱ्या बँकेच्या नावावर दिसतो. २०२१ च्या मार्चमध्ये आर्केगोस ही गुंतवणूक संस्था कोसळली तेव्हा हे साऱ्या जगाने पाहिले. एखाद्या फंडाकडे कंपनीचे शेअरही असतील आणि कंपनीविरुद्धचे दावेही असतील, तर त्याचे हित नेमके कशात आहे, हे शेअरच्या यादीवरून कळत नाही. मालकीचा माग काढणाऱ्याने हे पक्के लक्षात ठेवायला हवे, कारण यादी खरी असूनही तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरू शकतो.

मग दोष कोणाचा? १६ जून २०२० रोजी ब्यूट काउंटीच्या न्यायालयात कंपनीने ८४ जणांच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. मृतांची नावे एकेक करून वाचली गेली आणि प्रत्येक नावाला कंपनीचे मुख्याधिकारी बिल जॉन्सन यांनी ‘दोषी’ असे उत्तर दिले. जॉन्सन कंपनीत आले ते आगीनंतर. तुरुंगात कोणी गेले नाही. दंड झाला सुमारे ३५ लाख डॉलर. कर्मसिद्धान्ताच्या कसोटीवर हे दृश्य अस्वस्थ करणारे आहे. ज्याने केले त्यानेच भोगावे, केलेले वाया जाऊ नये आणि न केलेले माथी येऊ नये, ही त्या सिद्धान्ताची मूळ अट. इथे कर्ता एक कायदेशीर व्यक्ती आहे, तिला शरीर नाही, आणि तिचा दंड अखेर भागधारकांच्या किंवा वीजग्राहकांच्या खिशातून जातो. हूक बदलायचा नाही असे कोणी एकाने ठरवले नव्हते. वर्षानुवर्षे तपासणी पुढे ढकलली गेली आणि ते ढकलणे अनेक टेबलांवरून फिरले.

भागधारक केवळ पैसा घालतो, म्हणून त्याच्यावर काहीच येत नाही, हे उत्तर सोयीचे आहे; पुरेसे मात्र नाही. बर्ली आणि मीन्स या अभ्यासकांनी १९३२ मध्येच दाखवले होते की मोठ्या कंपनीत मालकी आणि नियंत्रण वेगळे झालेले असते. ते खरे धरले तरी उत्तरदायित्व नियंत्रणाच्या प्रमाणात वाटता येते. इंडेक्स फंड कंपनी निवडत नाही. ती निर्देशांकात आहे म्हणून शेअर घेतो आणि ती निर्देशांकात असेपर्यंत तिच्यातून पूर्ण बाहेर पडू शकत नाही. त्याच्याकडे विक्रीचे हत्यार नाही, मतदानाचे मात्र आहे. हेज फंडाकडे दोन्ही आहेत. २०१९ च्या एप्रिलमध्ये संचालक मंडळ बदलले तेव्हा फंडांच्या पाठिंब्याने नवे सदस्य आले, आणि राज्यपाल गॅविन न्यूसम यांनी त्याआधीच पत्र लिहून बाहेरच्या राज्यांतल्या वित्तक्षेत्रातल्या लोकांच्या भरण्याला जाहीर आक्षेप घेतला होता. संचालक नेमण्याची ताकद ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे मनोऱ्यांची देखभाल होते की नाही हे विचारण्याचेही कर्तव्य आहे. शेअर दोन तिमाहींपुरता घेतला असेल, तर ते कर्तव्यही त्या दोन तिमाहींत पुरेपूर असते.

वीजकंपनीबाबत आणखी एक गोष्ट मालकीच्या सर्वसाधारण विचाराला छेद देते. विश्वजित् यज्ञात यजमानाने सर्वस्व द्यायचे असते. राजा यजमान असेल तर त्याने पृथ्वी द्यावी का, असा प्रश्न मीमांसेत येतो. उत्तर नाही असे आहे: भूमी सर्वांना सारखीच आहे, राजाचा अधिकार रक्षण करून त्याबद्दल वाटा घेण्यापुरता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७७ च्या मन विरुद्ध इलिनॉय या खटल्यात जवळपास याच जागी पाय ठेवला. धान्याची कोठारे खासगी असली तरी समाज त्यांच्यावर अवलंबून असल्यामुळे त्यांचे दर ठरवण्याचा अधिकार राज्याला आहे, असे ठरले. पुढे वीजकंपन्यांचे नियमन याच पायावर उभे राहिले. या दृष्टीने वीजकंपनीचा भागधारक तारांचा धनी नाही. तारा चालू आणि सुरक्षित ठेवण्याच्या मोबदल्यात त्याला नियंत्रित परतावा मिळतो. गांधींच्या विश्वस्ततेच्या कल्पनेचा गाभाही हाच, पण इथे ती धनिकाच्या सद्भावावर सोडलेली नाही, परवान्याच्या अटींत लिहिलेली आहे.

या कंपनीच्या प्रकरणात सर्वांत अवघड गाठ दिवाळखोरीच्या अखेरीस बसली. १ जुलै २०२० रोजी कंपनी बाहेर आली तेव्हा आगग्रस्तांसाठी साडेतेरा अब्ज डॉलरचा न्यास ठरला होता; त्यातला निम्मा भाग रोख आणि निम्मा कंपनीच्या शेअरच्या रूपात. ज्यांची घरे जळाली त्या सुमारे ७० हजार लोकांचा न्यास कंपनीच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक शेअरचा धारक झाला. त्यांची भरपाई आता शेअरच्या भावावर ठरणार होती. कंपनीवर कडक दंड बसावा, ही त्यांची न्यायाची मागणी आणि भाव वाढावा, ही त्यांची गरज एकमेकांविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यांतले अनेक त्याच कंपनीचे वीजग्राहकही होते. दर वाढले की एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्याने घ्यायचे. पीडिताला अपराध्याच्या नफ्यात भागीदार करणे हे भरपाईचे रूप असू शकते, पण त्याला न्याय म्हणता येत नाही, कारण न्यायात पीडिताला अपराध्याच्या भरभराटीची वाट पाहावी लागत नाही.

न्यासाने २०२२ पासून हे शेअर टप्प्याटप्प्याने विकले. विकलेले शेअर बाजारात संस्था आणि फंडांच्या हाती गेले. विक्रीबरोबर लाभांशाचा हक्क गेला, मतदानाचा गेला. मनोऱ्यांवरचे हूक तपासण्याचे, तारांजवळची झाडे छाटण्याचे आणि जोखमीच्या भागात वाहिन्या जमिनीखाली नेण्याचे काम कोणत्याही शेअरबरोबर हस्तांतरित होत नाही. ते कंपनीकडे राहते, आणि ते करवून घेण्याचा अधिकार राज्याच्या नियामक आयोगाकडे आणि त्या त्या वेळी संचालक निवडणाऱ्या धारकांकडे.