दिवा केव्हा विझावा?

रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहताना अमेरिकेहून आलेल्या भाच्याने आपल्या पिकअप ट्रकची गोष्ट सांगितली. इंजिनाचा इशारादिवा लागला होता. पेट्रोलच्या टाकीचे झाकण नीट न बसल्याने वाफ निसटत होती. नवे झाकण बसविले, तरी दिवा तसाच! "मामा, मी त्या मेकॅनिकला लबाड म्हणालो. चार दिवसांनी दिवा आपोआप विझला."

१९९६ सालापासून तिकडच्या मोटारींत व हलक्या ट्रकमध्ये ही यंत्रणा सक्तीची आहे. दुरुस्ती झाली म्हणून ती लगेच विश्वास ठेवीत नाही. लागोपाठ ३ फेऱ्यांत तपासणी निर्दोष ठरली, की मगच दिवा मालवते. उपकरण लावून तो तत्काळ घालविता येतो. पण पुसणे म्हणजे पडताळणे नव्हे.

मी अंतर्मुख झालो. माझ्या धाकट्या भावाने दारू सोडली, त्याला वर्ष झाले. अजूनही कपाटाची किल्ली माझ्या उशाखाली असते. सावधगिरी अन्याय्य नाही. क्षमा केली म्हणून डोळे मिटावेत असेही नाही. परंतु यंत्राच्या संशयाला मर्यादा आहे, माझ्या संशयाला नाही. आणखी किती फेऱ्या निर्दोष ठरायला हव्यात, हे मी त्याला कधी सांगितलेच नाही. जिला शेवट नाही, ती परीक्षा नसून शिक्षाच होय.

लाँच आली. परतल्यावर त्या मेकॅनिकची क्षमा मागेन, असे भाचा म्हणाला. त्याला निरोप देऊन मी घरी आलो आणि किल्ली कपाटालाच लावून ठेवली.