बेअर्स हरले ते बरे झाले

दुबळ्या संघावरचा चित्रपट विजयानेच संपायचा, याची आपल्याला सवय झाली आहे. 'लगान'मध्ये भुवनच्या शेवटच्या फटक्यावर तीन वर्षांचा सारा माफ होतो. तिथे विजय हवाच, कारण अख्ख्या गावाचे पोट पणाला लागलेले असते. पण दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या सामन्यात पणाला काय लागलेले असते? मायकेल रिची यांनी १९७६ साली 'द बॅड न्यूज बेअर्स' या विनोदी चित्रपटात हा प्रश्न इतक्या थेटपणे विचारला, की त्यानंतरचे बहुतेक क्रीडापट मला त्यापुढे भित्रे वाटतात.

गोष्ट कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या बेसबॉलची आहे. चांगल्या संघांनी नाकारलेल्या मुलांनाही खेळू द्या, म्हणून व्हाइटवुड नावाचा एक वकील-नगरसेवक दावा लावतो. त्यातून जो संघ उभा राहतो तो बेअर्स. प्रशिक्षक बटरमेकर हा एकेकाळचा दुय्यम दर्जाचा पिचर (चेंडू टाकणारा), आता लोकांचे पोहण्याचे तलाव साफ करणारा आणि दिवसाउजेडी बिअर ढोसणारा. वॉल्टर मॅथाऊ यांनी तो असा काही उभा केला आहे, की त्याचा राग येतो आणि कीवही. तो आलेला असतो व्हाइटवुडने गुपचूप दिलेल्या धनादेशासाठी. पहिल्याच सामन्यात बेअर्सना एकही गडी बाद करता येत नाही. २६-० अशी धावसंख्या झाल्यावर बटरमेकर सामना सोडून देतो.

मग संघ सुधारतो. बटरमेकरच्या जुन्या मैत्रिणीची मुलगी अमांडा (टेटम ओनील) पिचर म्हणून येते. अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉल संघटनेने, लिटल लीगने, मुलींना दार उघडले ते १९७४ मध्ये, तेही न्यू जर्सीतल्या एका मुलीच्या बाजूने निकाल लागल्यावर. म्हणजे पडद्यावरची अमांडा त्या वेळी अगदी ताजी बातमी होती. गल्लीतला दांडगट पण हुन्नरी केली लीकही येतो, आणि बेअर्स जिंकू लागतात.

इथपर्यंत सगळे ओळखीचे आहे. चित्रपट मोठा होतो तो पुढे. विजयाची चटक लागताच बटरमेकर बदलतो. इतरांच्या वाट्याचे झेलही तूच घे, असे तो केलीला सांगतो, आणि पोरे केलीवरच चिडतात. एका मुलाला तो मुद्दाम चेंडू अंगावर घ्यायला लावतो, कारण चेंडू लागला की पहिला बेस फुकट मिळतो. अमांडाचा दुखरा हात तो बर्फात बुडवून ठेवतो. ती धीर करून म्हणते, आई, तुम्ही आणि मी असे एकदा एकत्र बाहेर जाऊ या. त्यावर तो तिच्या अंगावर बिअर फेकतो. ती रडत निघून जाते आणि तो एकटाच डोळे पुसत बसतो. विनोदी चित्रपटात इतका निर्दय प्रसंग ठेवायला धैर्य लागते. हा प्रसंग आहे म्हणून पुढच्या हशाला वजन आहे.

अंतिम सामना यँकीज संघाशी. त्यांचा प्रशिक्षक टर्नर आपल्या पिचर मुलाला भर मैदानात थोबाडीत मारतो. मुलाने धोकादायक चेंडू टाकलेला असतो, हे खरे. पण बापाच्या हाताला जिंकण्याच्या शिकवणुकीचाच जोर आहे. पुढचा चेंडू त्या मुलाकडे येतो तेव्हा तो नुसता धरून उभा राहतो. बेअर्सचा लठ्ठ एंगलबर्ग धापा टाकत सगळे बेस पळून येतो, सोबती ओरडत राहतात, तरी हा चेंडू सोडत नाही. शेवटी तो चेंडू बापाच्या पायाशी टाकतो आणि आईबरोबर चालता होतो. प्रतिस्पर्ध्याच्या पोरालाही चित्रपट न्याय देतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. दोन संघांत चांगले आणि वाईट अशी वाटणी इथे नाही. रेषा मुले आणि मोठी माणसे यांच्यात आहे.

बटरमेकरही डगआउटमध्ये पोरांवर खेकसतो, आणि समोरचे गप्प चेहरे पाहून थबकतो. टर्नरमध्ये त्याला स्वतःच दिसतो. मग तो बाकावर बसलेल्या लूपससारख्या कच्च्या खेळाडूंना मैदानात उतरवतो. व्हाइटवुड धावत येतो: जिंकायची संधी आली असताना हे काय चालवले आहे? नाकारलेल्या मुलांसाठी कोर्टात गेलेला हाच माणूस. त्याचा हेतू पहिल्या दिवशी खोटा नव्हता. पण विजय चार पावलांवर आला आणि न्याय मागे पडला. ज्यांच्यासाठी संघ काढला तेच आता संघाला अडचण वाटू लागतात. सर्वांना सामावून घेण्याच्या गोष्टी करणाऱ्या कितीतरी संस्थांमध्ये, शाळांमध्ये हे घडताना दिसते.

बेअर्स ७-६ असे हरतात. चित्रपटात खटकणारेही आहे: टॅनर नावाच्या मुलाच्या तोंडी सोबत्यांच्या वंशावरून ज्या शिव्या आहेत, त्या ऐकताना आज हसू येत नाही, येऊही नये. पण नागराज मंजुळे यांनी 'झुंड'मध्ये वस्तीतल्या मुलांचा सामना मध्यावरच उरकून पुढचा वेळ पासपोर्टच्या कागदपत्रांना दिला, तेव्हा मला हाच चित्रपट आठवला. रिची आणि मंजुळे या दोघांनाही ठाऊक आहे की खरी अडवणूक मैदानाबाहेरची मोठी माणसे करतात. धावफलक कितीही बाजूने झुकला तरी ती आपोआप हटत नाहीत. बटरमेकरला हातातोंडाशी आलेला चषक सोडावा लागला तेव्हा कुठे कोपऱ्यात बसणाऱ्या लूपसला मैदान मिळाले, आणि त्याने झेल घेतला.