मान आणि धन

माझी आई अंगणवाडी सेविका आहे. तिला मिळतं ते ‘मानधन’, पगार नव्हे. लहानपणी हा शब्द मला भारी वाटायचा. मान आणि धन, दोन्ही! पुढे कळलं, धन कमी देता यावं म्हणून आधी मान जोडलाय.

केंद्र सरकारने सेविकेचं मानधन २०१८ मध्ये ३,००० वरून ४,५०० रुपये केलं. राज्य त्यात आपली भर घालतं. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

आईला हिशेब चुकत नाही. किती मुलं आली, किती वजन भरलं, कोण कुपोषित, सगळं रोज मोबाइलवर भरायचं. एक नोंद राहिली की वरून फोन येतो.

आणि वर? २३ मार्च २०२३ ला लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटींच्या खर्चाला गोंधळात, चर्चेविना मंजुरी दिली. मागण्या अशा एकगठ्ठा मताला टाकण्याला ‘गिलोटिन’ म्हणतात. त्या गठ्ठ्यात आईचं मानधनही होतं.

आईच्या कामाची तपासणी नको, असं मी म्हणणार नाही. तिथे लोकांची लेकरं आहेत. पण ‘मुलाचं वजन का वाढलं नाही’ आणि ‘ते मोजणारीला आपण काय देतो’ हे प्रश्न वेगळे नाहीत. पहिला आईला रोज विचारला जातो. दुसरा विचारण्यासाठी आपण खासदार निवडतो.

त्या दिवशीच्या गोंधळाची क्लिप मीही हसत फॉरवर्ड केली होती. आई शेजारीच बसून नोंदी भरत होती.